आप्पांच्या मधल्या लेथचा पिवळा दात

अकरा वर्षं मी परंड्यातल्या एका माणसाला लेथ मशीन विकायचा प्रयत्न केला आणि अकरा वर्षं त्यानं मला चहा पाजला. याच्यापलीकडं आमच्यात काही व्यवहार झाला नाही. सोलापूरच्या एका मशिनरीच्या दुकानाचा मी फिरता विक्रेता. मोटारसायकलला मागं कॅटलॉगची बॅग बांधायची आणि भूम, परंडा, कळंब, येरमाळा असं हिंडायचं. बाकी ठिकाणी माझं बरं चालायचं, कारण देवानं जीभ चांगली दिली होती. येरमाळ्याला एका गड्याला मी त्याला नको असलेलं ड्रिलिंग मशीन विकलं आणि वर त्याच्याच घरी जेवलो. पण परंड्यात कुर्डुवाडी रस्त्याला आप्पांच्या पत्र्याच्या शेडपुढं गाडी लावली की ही जीभ टाळूला चिकटून बसायची.

"या एजंट," आप्पा म्हणायचे. 'या'मधला मान आणि 'एजंट'मधला अपमान त्यांच्या तोंडात बरोबर निम्मानिम्मा असायचा. मग पहिलं काम म्हणजे माझ्या गळ्यातला रुमाल काढून खिशात घालायला लावायचे. लेथच्या फिरत्या चकात, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यात, कापड अडकलं की माणूस आत ओढला जातो, म्हणून गमजा, मफलर, उपरणं सगळं दारातच उतरवायचं असा त्यांचा नेम. एकदा एक पुढारी ट्रॅक्टरचा हब घेऊन आले. गळ्यात पक्षाचं उपरणं. "साहेब, मशीनला पक्ष कळत न्हाय," असं म्हणून आप्पांनी ते उपरणं काढून दाराच्या खिळ्याला अडकवलं, आणि साहेबांचं काम होईपर्यंत ते तिथंच लोंबत होतं.

शेडमध्ये तीन लेथ होत्या. साडेचार फुटी, सहा फुटी आणि नऊ फुटी. अख्खा गाव त्यांना धाकटी, मधली आणि थोरली म्हणायचा. कुठलीशी जिनिंग मिल बंद पडली तेव्हा तिच्या लिलावातून आप्पांनी तिन्ही एकदम उचलल्या होत्या. विलायतेतल्या एकाच कारखान्यात घडलेल्या. नावाची पितळी पाटी होती, पण आप्पांनी ती रोज पुसून पुसून अक्षरंच घालवली होती. मी एकदा विचारलं, "आप्पा, कंपनी कुठली हो ही?" तर म्हणाले, "नाव कशाला पायजे? खानदान दिसतंय की."

आणि दिसायचं, खोटं कशाला बोलू. तिघींचे पाय सारख्याच वळणाचे, हँडलं सारख्याच जागी. धाकटीवर शिकलेला माणूस डोळे मिटून थोरलीपुढं उभा राहिला असता. छताखालून एक लांब शाफ्ट जायचा, त्याला एकच मोटर, आणि त्या शाफ्टवरनं तिघींना चामड्याचे पट्टे. वेग बदलायचा तर पट्टा हातानं पुलीच्या एका पायरीवरून दुसरीवर ढकलायचा. आटे पाडायला जी लहानमोठी चाकं लागतात त्यांची पेटी तिघींत मिळून एकच, आणि कुठलंही चाक कुणालाही बसायचं. जड काम आलं की बॅकगिअर लावायचा, मग चक सावकाश पण बैलाच्या जोरानं फिरायचा. बेडचा, म्हणजे मशीनच्या आडव्या पाटाचा, चकाजवळचा एक तुकडा तर चार बोल्ट काढले की बाहेर यायचा, आणि त्या खड्ड्यात ट्रॅक्टरच्या चाकाएवढं धूड फिरवता यायचं. माझ्या कॅटलॉगमधल्या त्याच मापाच्या नव्या मशीनचा तुकडा निघत नव्हता. हे आप्पांनी पहिल्या दिवशीच मला विचारून घेतलं आणि पुढं अकरा वर्षं दर भेटीला न चुकता पुन्हा विचारलं.

मी सांगायचो, "आप्पा, नव्या मशीनला पट्टा न्हाय, कटकट न्हाय. सगळे गिअर तेलात बुडालेले. नुसती दांडी ओढायची."

"म्हंजे पोट शिवलेलं," आप्पा म्हणायचे. "आत काय दुखतंय ते कळणार कुणाला? माझ्या पोरी बघ. सगळं उघड्यावर. काय झालं तर लगेच सांगत्यात."

या पोरींचे दोषही त्यांनी झाकले नव्हते. प्रत्येकीच्या मागं भिंतीवर ऑइलपेंटनं तिचा स्वभाव लिहून ठेवला होता. थोरली: चकापाशी दीड थाऊ खोल. मधली: नऊ इंचावर हलका हात. धाकटी: थंडीत पहिला अर्धा तास विश्वास नको. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बेड कुठं झिजलाय, किती झिजलाय हे त्यांना पाठ होतं, आणि काम करताना तेवढंच कापायचं टूल मागंपुढं करून ते झिजलेल्या मशीनवर नव्या मशीनचं काम काढायचे. हे मी माझ्या दुकानाच्या मालकाला कधी सांगितलं नाही. नोकरी होती शेवटी.

मापाचं मात्र त्यांना वेड होतं, याला दुसरा शब्द नाही. कुणाचाही केस उपटून मायक्रोमीटरमध्ये धरायचे. माझा तर दर वर्षी मोजायचे. "अडीच थाऊ. मागल्या साली तीन होता. घरी काय कटकट हाय का?" असं विचारायचे, आणि लाज वाटते सांगायला, पण असायची. घरी जेवायला बसले की भाकरी बोटांत धरून दाबून बघायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायच्या, "भाकरी हाय ती, बुश न्हाय. गिळा." त्यावर आप्पा मला हळूच सांगायचे, "कडंला पातळ हाय, पन बोलायची सोय न्हाय."

कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, जवळपास माप बसलं तरी चालंल," की संपलंच. "जवळपास हा शब्द गावाला लावायचा. बार्शी जवळपास हाय. मापाला न्हाय लावायचा." मग ते काम दोनदा करायचे आणि गिऱ्हाईकाला तोवर उभं ठेवायचे. आप्पांचं माप चुकलंय असं म्हणणारा माणूस परंडा तालुक्यात जन्मायचा होता. ते स्वतःही तसंच म्हणायचे, आणि वाईट हे की ते खरं होतं.

याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांच्या लेकाला झाला. एकुलता एक पोरगा, आयटीआय करून बापाच्या शेडमध्ये उभा राहिला. हात चांगला होता. मी बघितलाय. पण चार वर्षांत बापाच्या तोंडून 'बरं झालंय' हे दोन शब्द त्याला मिळाले नाहीत. एकदा त्यानं एक बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी धातूची जाड नळी, केला, तो दोन थाऊ मोठा झाला. आप्पांनी तो सुतळीनं दाराला टांगला आणि वर खडूनं लिहिलं, 'दोन थाऊ जास्त.' येणारंजाणारं वाचायचं आणि हसायचं. मीही हसलो होतो, कशाला लपवू. महिन्याभरात पोरगा पुण्याकडं एका कंपनीत कॉम्प्युटरवरच्या मशीनवर लागला. त्यानंतर सहा वर्षं तो घरी यायचा, पण शेडमध्ये पाय टाकायचा नाही. बापलेक बोलायचे ते काकूंच्या मार्फत. "आई, त्यांना सांग गोळ्या वेळेवर घ्या." "त्याला सांग, घेतोय म्हणावं." दोघं एकाच खोलीत बसून.

मग एका उन्हाळ्यात आप्पा छताखालच्या शाफ्टला तेल द्यायला स्टुलावर चढले आणि पडले. डावा हात खांद्यात मोडला. पुढं तो खांद्याच्या वर गेलाच नाही. लेक आला, आईला म्हणाला, "बास झालं आता. बंद करा, पुण्याला चला." आप्पा तापट माणूस. त्या तापातच बोलून गेले, "सांग त्याला. तिन्ही चालत्यात तवर मी इथंच. एक जरी थांबली तर तिन्ही भंगारात घाल म्हणावं, मी तुझ्या मागं येतो." बोललेला शब्द फिरवायचा हा तर त्या घरात गुन्हा. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय, दोन्हीकडं भाकरीच थापायची." पण मला आप्पांनी एकदा चहा पिता पिता वेगळं सांगितलं. "तिथं चौथ्या मजल्यावर घर हाय त्याचं. खिडकीत बसून म्या काय मोजू रं?" तेव्हा त्यांचा आवाज असा झाला की मी कॅटलॉग बॅगेतून काढलाच नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधली थांबली. ट्रॅक्टरचं काहीतरी वाकडंतिकडं काम लावलं होतं, बॅकगिअरमधल्या तीस दात्यांच्या चाकाचे चार दाते एकदम गेले. चाक म्हातारं झालं होतं, दुसरं काही नाही. काकूंनी फोनवर लेकाला सांगितलं, कारण त्या घरात कुणी काही लपवत नाही. लेक म्हणाला, "पाडव्याला येतो. टेम्पोचं बघून ठेवतो."

मला कळलं तेव्हा, खरं सांगतो, आधी आनंद झाला. म्हटलं, अकरा वर्षांनी दार उघडलं. गेलो. आप्पा मधलीच्या शेजारी पत्र्याच्या डब्यावर बसले होते. मला 'या एजंट' म्हणाले नाहीत. मला इतकं कसंतरी झालं की नवं मशीन राहिलं बाजूला, मीच ते तुटकं चाक पिशवीत घालून सोलापुरात चार ठिकाणी फिरलो. सगळे म्हणाले, दात्याचं माप जुनं आहे, असलं कटर नाही. एक जण म्हणाला, नवीन मशीन घ्या म्हणावं. मला म्हणाला, मला.

परत येऊन सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि उठले. "बहिणीचं दुखणं बहिणींनीच काढायचं मग," म्हणाले.

जुन्या ऑइल इंजिनाच्या फुटलेल्या चाकाचा एक जाड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. चांगलं, बारीक दाण्याचं बीड. त्यातनं एकच चाक निघण्यासारखं होतं. धाकटीवर त्याला भोक पाडलं, बाहेरचं माप धरलं, आणि मग ते गोल चाक थोरलीच्या चकात बांधलं. थोरली सुरू करायची नव्हती. तिच्या पाठीमागच्या टोकाला त्या पेटीतलं साठ दात्यांचं चाक बसवलं आणि त्याच्या दात्यात अडकणारी एक खिट्टी केली. खिट्टी काढायची, चाक दोन दाते पुढं सरकवायचं, पुन्हा खिट्टी लावायची. साठाचे दोन-दोन म्हणजे बरोबर तीस. इकडं आप्पा चकाच्या बाजूला टूल आडवं बांधून हातचाकानं पुढंमागं ढकलणार, दर खेपेला नखाएवढा कीस निघणार. अशा पन्नास-साठ खेपा झाल्या की दोन दात्यांमधली एक खाच पूर्ण. विजेची गरजच नाही. त्या दिवसांत लाईट कधी यायची कधी जायची, आम्हाला पत्ताही लागला नाही.

खिट्टीपाशी कुणाला उभं करायचं हा प्रश्न होता. आप्पांचा डावा हात तिथवर पोचत नव्हता. गावात चार टर्नर आहेत, त्यातल्या कुणाला बोलवू का विचारलं. "नको," आप्पा म्हणाले. "तू उभा रहा. तुला मशीनमधलं काय येत न्हाय म्हणून तू बरा. येणारा माणूस डोकं चालवतो." अकरा वर्षं मशिनरी विकणाऱ्या माणसाला हे सर्टिफिकेट मिळालं, आणि मी खिट्टी धरली.

दोन दिवस काम चाललं. दोन दाते, खिट्टी. दोन दाते, खिट्टी. आप्पा डोळे मिटून ढकलायचे. म्हणायचे, कानाला जास्त दिसतं. एक खाच झाली की मी खडूनं भिंतीवर रेघ ओढायची. मजा यायला लागली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्विसावी रेघ ओढली आणि माझा मोबाईल वाजला. मालक. "परंड्याच्या ऑर्डरचं काय?" मी तोंडावर हात धरून, सवयीनं, खोटं बोललो, "झाल्यात जमा आहे साहेब." आणि बोलता बोलता एका हातानं खिट्टी काढून चाक सरकवलं, खिट्टी लावली. एकच दाता सरकवला.

आप्पा डोळे मिटून ढकलत राहिले. कोऱ्या बिडावर टूल चाललं की आवाज सगळीकडं सारखाच येतो, त्यामुळं त्यांच्या कानालाही कळलं नाही. चाळीसएक खेपा झाल्यावर त्यांनी बोट फिरवून खोली बघितली आणि हात थांबला. जिथं दाता उभा राहायचा, बरोबर तिथंच, मधोमध, खाच पडली होती.

म्हटलं, "आप्पा, माझ्याकडनं एकच दाता सरकला. मी फोनवर होतो." वाटलं, आता दाराला सुतळीनं मलाच टांगतात. त्यांनी चष्मा काढला, बनियननं पुसला, पुन्हा घातला, आणि त्या जागेकडं बराच वेळ बघत बसले. मग काकूंना हाक मारून चहा सांगितला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "फोन बंद कर आन् उरलेले दाते पूर्ण कर. मोजून."

ते पूर्ण केले. मग आप्पांनी तो बिघडलेला दाता कानशीनं मुळापासून काढून टाकला, त्या जागी खोबण केली आणि गनमेटलचा, पितळेसारख्या पिवळ्या धातूचा, एक दात घडवून त्यात ठोकून बसवला. म्हटलं, "काळा रंग देऊ का? दिसणार न्हाय." तर माझ्यावर डोळे वटारले. "दिसू दे की. झाकायचं कशाला?" राखाडी चाकात तो एकच पिवळा दात. गावात दुसऱ्या दिवशी झालं, आप्पांच्या मधलीनं सोन्याचा दात बसवला म्हणून. मधली चालली. बॅकगिअर लावला की दर फेऱ्याला एक बारीक 'टक्' यायचा, एवढंच.

पाडव्याला मला जेवायचं आमंत्रण होतं. घरापुढं गुढी, शेडमध्ये तिघींना हळदकुंकू आणि साखरेच्या गाठी. लेक नवा पांढरा शर्ट घालून आला होता आणि दारात टेम्पोवाल्याचा फोन नंबर काकूंकडं देऊन थेट शेडमध्ये शिरला. सहा वर्षांनी. मोटर चालू केली, मधलीचा पट्टा सरकवला, बॅकगिअर लावला आणि मान वाकडी करून ऐकत राहिला. तो 'टक्' मला त्या दिवशी देवळातल्या घंटेएवढा मोठा वाटला. त्यानं मशीन बंद केलं, खाली वाकला, बोटानं एकेक दाता चाचपत गेला आणि पिवळ्यापाशी थांबला.

"हे काय?" त्यानं विचारलं. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते काकूंना नव्हतं विचारलं.

"दाता चुकला एक," आप्पा म्हणाले.

"कुणाचा घोळ?"

मी तोंड उघडलं. अकरा वर्षं या जिभेच्या जोरावर पोट भरलं, आणि त्या वेळी तीच मागं पडली. तोवर आप्पा बोलले होते.

"माझा. मोजण्यात चुकलो म्या."

लेक त्यांच्याकडं बघतच राहिला. काकू दारात परात घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच थांबल्या. "तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही चुकलात?"

"व्हय. वय झालं बाबा. चुकतो माणूस."

पोरगा पत्र्याच्या डब्यावर बसला, बापाच्याच. हसायला लागला आणि मग ते हसू मध्येच कुठंतरी वेगळं झालं, त्यानं नव्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. थोड्या वेळानं उठला, पिवळ्या दातावर नख फिरवलं. "अर्धा थाऊ उंच राहिलाय," म्हणाला. "म्हणून टक् वाजतंय. कानस द्या बारीक." आप्पांनी कानस दिली. मग एका हातानं मोबाईलचा उजेड त्या दातावर धरून ते लेकाशेजारी उभे राहिले, आणि लेक सांगेल तसा उजेड इकडं तिकडं करत होते. मशीन पुन्हा चालू केलं तेव्हा आवाज गेला होता. आप्पा म्हणाले, "बरं झालंय." लेकानं ऐकलं, पण वर बघितलं नाही. शर्टावर तेलाचे तीन डाग पडले होते. काकूंना म्हणाला, "आई, टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग. चालतंय इथं."

जेवायच्या आधी हात धुवायला आप्पा मागच्या अंगणात गेले, मी मागोमाग. तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालता घालता म्हटलं, "आप्पा, मला घास गिळणार न्हाय. मी सांगतो त्याला खरं काय ते."

साबणाचे हात त्यांनी तसेच धरले आणि आतल्या खोलीकडं एकदा बघून घेतलं. आत लेक काकूंना ती चूक कशी झाली असेल ते हातवारे करून समजावत होता.

"गप बस," आप्पा म्हणाले. "उभ्या जन्मात पहिल्यांदा लेकाला बापाची चूक सापडलीय. सुखानं जेवू दे त्याला."